मास्तरांचे थांबे

"सर, पुन्हा एकदा मागे घेऊ?" स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून सिस्टरने विचारलं.

"घ्या, घ्या. तो खांब आणि ती कुंडी, दोघांच्या मधोमध गाडी यायला हवी. जमेपर्यंत करत राहा. मी एवढ्यात एक फोन करून येतो," असं म्हणत मास्तरांनी दार उघडलं आणि वाचनालयाच्या इमारतीला वळसा घालून ते मागच्या बाजूला दिसेनासे झाले.

त्यांचा फोन गाडीतच होता. पुढच्या काचेखाली, अगदी डोळ्यांसमोर. सिस्टरने त्याच्याकडे पाहिलं, मग इमारतीच्या त्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि गाडी मागे घ्यायला लागली.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. त्यांची पांढरी छोटी गाडी, टपावर शिकाऊ गाडीची पाटी, आत दोन ब्रेक. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा मास्तरांच्या. रागावणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. कुणी क्लच एकदम सोडून गाडी बेडकासारखी उडवली तरी ते म्हणायचे, "होतं हो असं. पहिल्या दिवशी मी तर भिंतीत घातली होती." त्यामुळे भित्री माणसं हमखास त्यांच्याकडे यायची. साठीतल्या बायका, परीक्षेत दोनदा आपटलेली मुलं, नवऱ्याने शिकवता शिकवता रडवलेल्या सुना. सिस्टरही अशीच. मोठ्या दवाखान्यात नर्स होती, सुया टोचताना हात कापत नसे, पण गाडीत बसली की कापायचा.

मास्तरांची खरी ख्याती मात्र पार्किंगमध्ये होती. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस गाडी अशी लावायचा की बघत राहावं. परवान्याची परीक्षा घेणारे साहेब एकदा म्हणाले होते, "मास्तर, तुमची माणसं पुढे जाताना गडबडतात, पण मागे काय सुरेख येतात हो!" मास्तर नुसते हसले होते. एकदा तर एका आजोबांनी ऐन परीक्षेत पेट्रोल पंपाशी गाडी आपणहून बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि हाताची घडी घालून बसले. साहेब म्हणाले, "का थांबलात?" आजोबा म्हणाले, "इथे थांबायचं असतं ना?" नापास झाले बिचारे. शहरातली कितीतरी माणसं अजूनही बाजारात जाताना सरळ रस्ता सोडून पंपावरून वळसा घालून जातात. का जातात ते त्यांनाही सांगता येणार नाही. मास्तरांनी तसं शिकवलं, बस.

यामागे शिकवण्याची कुठलीही थोर पद्धत नव्हती. यामागे मास्तरांचं पोट होतं.

वाचनालय, पेट्रोल पंप, सरकारी दवाखाना आणि खेळाचं मैदान. मास्तरांच्या रस्त्याचे हे ठरलेले थांबे. या सगळ्या ठिकाणी बऱ्यापैकी स्वच्छ, आतून कडी लागणारा संडास होता. शिकणारा माणूस गाडी मागे-पुढे करण्यात गुंतला की मास्तर फोन करायला जायचे. कधी फोन, कधी ओळखीचा माणूस, कधी "जरा पाय मोकळे करून येतो". पोटात कळ उठायची ती बेंबीखालून, पिळा घालत, आणि आली की दम धरत नसे. काही सकाळी तीन-तीनदा. मग मध्येच चार दिवस काहीच नाही, पोट नुसतं नगाऱ्यासारखं फुगलेलं. कामावर निघण्याआधी मास्तर काही खात नसत. चहासुद्धा अर्धाच कप.

डॉक्टर केले नव्हते असं नाही. रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून झाली. दर वेळी डॉक्टर कागद उलटसुलट करून म्हणायचे, "सगळं नॉर्मल आहे. अभिनंदन! उगाच टेन्शन घेऊ नका." दुसऱ्या कुणाला हे ऐकून पेढे वाटावेसे वाटले असते. मास्तर मात्र चोरी पकडली गेल्यासारखे खाली मान घालून बाहेर यायचे. कारण पोट दुखतंय ही तक्रारच मुळात बदनाम. शाळा बुडवायची असली की पोरं तीच सांगतात. ताप थर्मामीटरवर दिसतो, हात मोडला तर प्लास्टर दिसतं. पोटाला साक्षीदार कुठून आणायचा?

घरी बायकोला एवढं माहीत होतं की ह्यांचं पोट नाजूक आहे. पण तिचाही एक हिशेब होता. "तुम्हाला जिथे जायचं नसतं, तिथे निघायच्या वेळेला बरोबर दुखतं," ती म्हणायची. "भारी हुशार आहे हो तुमचं पोट!"

त्यात वाईट हे की तिचं म्हणणं खोटं नव्हतं. जायचं ठिकाण जितकं महत्त्वाचं, तितकं दुखणं जोरात.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं ठिकाण होतं ठकीचं घर. ठकी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. तिने स्वतःच जोडीदार निवडला, डोंगरापलीकडच्या शहरात नोंदणी करून लग्न केलं, तिथेच संसार मांडला. लग्नाला सहा वर्षं होऊन गेली. मास्तर लग्नाला गेले नव्हते आणि नंतरही कधी तिच्या घरी गेले नव्हते. शहर सोडलं की डोंगराचा रस्ता लागायचा, आणि त्या रस्त्यावर मास्तरांच्या माहितीचा एकही थांबा नव्हता. बायको एकटी बसने जायची आणि दर वेळी "त्यांच्या क्लासला फार गर्दी आहे गं" असं सांगायची. ठकी एकदाच माहेरी आली, तान्ह्या मुलीला घेऊन. पाहुणीसारखी खुर्चीच्या कडेवर बसली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. लहानपणापासून बापाला 'तू' म्हणणारी पोर, आता 'तुम्ही' म्हणायला लागली होती. मास्तरांना ते पोटातल्या कळेपेक्षा जास्त लागायचं.

त्या आठवड्यात तिचा आईला फोन आला होता. नातीचा चौथा वाढदिवस. बायकोने फोन ठेवला आणि मास्तरांकडे न बघता निरोप सांगितला, "म्हणाली, बाबांना शेवटचं विचारते आहे. या वेळी आले नाहीत तर यापुढे विचारणार नाही."

"शेवटचं म्हणाली?"

"शेवटचंच म्हणाली. आणि मी तिला काहीएक समजावणार नाहीये. थकले मी आता तुमच्या दोघांमध्ये फेऱ्या मारून."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरचा तास होता. रात्रभर मास्तरांना धड झोप नव्हती आणि पोटाने पहाटेपासूनच सूर लावला होता. वाचनालयाच्या गल्लीत गाडी शिरली आणि पाहतात तर काय, पुढे रस्ता आडवा खणलेला. पाइप टाकण्याचं काम. मातीचा ढीग, लाल फडकं, आणि वाचनालयाचं फाटक बंद. मास्तरांना नळ उघडा राहिल्यासारखा घाम फुटला.

"सर, किती घाई आहे?" सिस्टरने विचारलं.

"कसली घाई? कुठे काय? तुम्ही... तुम्ही गिअर बघा."

"सर, मी पोटाच्याच विभागात काम करते. असे चेहरे रोज बघते मी. लाजू नका. किती वेळ आहे?"

मास्तरांनी डोळे मिटले. खोटं बोलायलाही ताकद लागते. "फार नाही," ते म्हणाले.

सिस्टरने मागच्या काचेत पाहिलं. मागे अख्खी अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्या, एक हातगाडी, एक झोपलेला कुत्रा. पण ती मास्तरांची विद्यार्थिनी होती. मागे जाण्यात तिचा हात धरणारं कोण होतं? तिने मान वळवली, गिअर टाकला आणि ती छोटी गाडी सुईत दोरा ओवावा तशी गल्लीतून उलटी बाहेर काढली. कुत्र्याने डोळासुद्धा उघडला नाही. चौकातून मग थेट तिच्या दवाखान्याच्या मागच्या फाटकाशी, जिथून फक्त तिथली माणसं आत जातात. "उजवीकडे दुसरं दार, माझं नाव सांगा," ती म्हणाली. एवढ्या सगळ्यात मास्तरांचा पाय एकदाही आपल्या ब्रेकवर गेला नव्हता. खरं म्हणजे त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले तेव्हा ती बाकावर बसली होती. मास्तर तिच्यासमोर उभे राहिले, एवढे मोठे गृहस्थ, पण शाळेतल्या पोरासारखे.

"माफ करा हं," ते म्हणाले.

"कशाबद्दल? आपण जिथे जिथे थांबतो तिथे संडास आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तुम्ही फोन करायला जाता आणि फोन गाडीत ठेवून जाता."

मास्तरांचा चेहरा पडला. "म्हणजे सगळ्यांनाच कळतं?"

"नाही हो. बाकीच्यांना वाटतं, तुमचं कुठेतरी लफडं आहे."

मास्तर आ वासून बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता ते तिच्या शेजारी बसलेच. लफडं! या वयात, या पोटासकट! सिस्टरने त्यांना हसू दिलं. मग म्हणाली, "चला. आमच्या मॅडम आहेत आत. तास राहू दे आजचा."

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत माझे," मास्तर लगेच म्हणाले. आधीच कबुली दिलेली बरी, असं त्यांना वाटलं असावं.

"असणारच. चला."

मॅडम वयाने ठकीएवढ्याच होत्या. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि विचारायला लागल्या. जाऊन आल्यावर कळ थांबते का? बाहेर पडायचं म्हटलं की वाढते का? वजन उतरलंय का? झोपेतून उठवते का? मास्तर उत्तरं देत गेले. मग त्यांनी एक असा प्रश्न विचारला जो आजवर कुणी विचारला नव्हता.

"या पोटापायी तुम्ही काय काय सोडलंत?"

"नाटकं सोडली," मास्तर म्हणाले. "मध्येच उठून जायची चोरी. सहली. लग्नकार्यं. मेव्हणा गेला तेव्हा त्याला पोचवायला गेलो नाही. आणि..." मॅडम थांबल्या. "मुलीचं घर," ते शेवटी म्हणाले.

मॅडमनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. "हे बघा काका, तुमचं आतडं शाबूत आहे. जखम नाही, गाठ नाही, म्हणून तपासणीत काही दिसत नाही. पण आतडं आणि मेंदू यांचं सतत बोलणं चालू असतं, त्यात गडबड झालेली आहे. एवढंसं काही झालं की आतडं ओरडतं. ते ओरडलं की मेंदू घाबरतो. मेंदू घाबरला की आतडं आणखी ओरडतं."

मास्तरांनी जरा विचार केला. "म्हणजे पार्ट सगळे चांगले, पण क्लच फार वर पकडतोय. पाय जरा हलला की गाडी उडी मारते."

"मला गाडी येत नाही," मॅडम हसून म्हणाल्या, "पण तसंच असणार."

"म्हणजे हे खोटं नाही?"

"खोटं?"

"नाही, म्हणजे... मनाचे खेळ. नाटक."

"अजिबात नाही. याला आजार म्हणतात. त्याला नाव आहे, औषध आहे आणि तुम्ही काही एकटे नाही. दहा माणसं उभी केली तर त्यांतल्या चौघांना या घराण्यातलं काही ना काही असतं. कुणाला जळजळ, कुणाला गच्च फुगणं, कुणाचं पोट साफच होत नाही, कुणाचं तुमच्यासारखं."

"दहात चार?" मास्तरांना पटेना. "मग ते असतात कुठे? मला तर एकही भेटला नाही."

"तेही तुमच्याबद्दल हेच म्हणत असतील."

मास्तरांना इतकं बरं वाटलं की काय सांगावं. आजार आहे हे ऐकून एवढा खूश झालेला पेशंट मॅडमनी क्वचितच पाहिला असेल. छातीवरचा दगड उतरला असं म्हणतात, यांचा तो पोटावरचा होता. बाहेर पडताना त्यांनी रांगेत बसलेल्या माणसांकडे नीट पाहिलं. टाय लावलेला एक साहेब, एक कॉलेजची मुलगी, एक पैलवान गडी. सगळे जमिनीकडे बघत होते. मास्तरांना वाटलं, एकेकाशी हात मिळवावा. पण बरं दिसलं नसतं, म्हणून ते नुसते सगळ्यांकडे बघून हसले.

औषध साधंच होतं. जेवणाआधी एक गोळी, दूध बंद करून बघायचं, वेळेवर थोडं थोडं खायचं, पोटातून सावकाश श्वास घ्यायचा. प्रवासाच्या आदल्या दिवसापासून उपाशी राहायचं नाही. "मुळापासून जाईल असं वचन मी देत नाही," मॅडम म्हणाल्या होत्या, "पण ते तुम्हाला चालवतंय, त्याऐवजी तुम्ही त्याला चालवाल. आणि घरात सांगा. हे तोंड दाबून सहन केलं की वाढतं."

बायको दुपारची कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मास्तरांनी सांगितलं. सगळंच सांगितलं. थांबे, खोटे फोन, अर्धा कप चहा. ती ऐकत होती आणि एकाच टॉवेलची घडी मोडून पुन्हा पुन्हा घालत होती.

"माझा भाऊ गेला तेव्हा," ती म्हणाली, "तेव्हाही हेच?"

"हेच. कपडे करून दारापर्यंत आलो होतो मी."

"मी तुम्हाला काय काय बोलले होते तेव्हा. दगडाच्या काळजाचे म्हणाले."

"म्हणालीस."

"मग तोंड का नाही उघडलंत हो? मी काय परकी होते?"

"अगं, तिथे माणूस गेलेला, तू रडतेस. त्यात मी संडासाचं काय सांगू?"

तिने टॉवेल तोंडाला लावला. मास्तरांना वाटलं रडते आहे. रडत होतीच, पण मधूनमधून खांदे हसल्यासारखे हलत होते. "देवा रे," ती टॉवेलमधूनच म्हणाली, "कसल्या माणसाशी संसार केला मी." मग डोळे पुसून तिने त्यांच्यासमोर बोट नाचवलं. "ठकीला मात्र तुम्ही सांगायचं. स्वतःच्या तोंडाने. मी नाही."

ते काम सगळ्यांत अवघड. मास्तरांनी दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी मैदानाशी एक शिकाऊ मुलगा गाडी मागे-पुढे करत होता, आणि मास्तर नेहमीप्रमाणे "एक फोन करून येतो" म्हणून उतरले. त्या थांब्यावर आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खरोखर फोन केला.

"बाबा?" पलीकडून घाबरा आवाज आला. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे, बरी आहे. तुमच्याकडे हवा कशी आहे?"

"हवा? ठीक आहे. काही काम होतं का तुमचं?"

मास्तरांनी मॅडमनी शिकवलेला पोटातला श्वास घेतला. "ठके, मला तुझ्या लग्नाला यायचं होतं."

मग मास्तर बोलत सुटले, कारण थांबलो तर पुन्हा सुरू होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. नवा शर्ट शिवला होता. आईबरोबर बसमध्ये चढलोही होतो, खिडकीशी बसलो होतो. कंडक्टरने दार लावलं आणि कळ उठली. "तू पुढे हो, मी मागच्या गाडीने येतो" म्हणून आईला सांगितलं आणि उतरलो. मागची गाडी आली, तीही सोडली. त्याच्या मागचीही. संध्याकाळपर्यंत त्या नव्या शर्टात बसस्टँडवरच्या संडासाशेजारी बसून होतो. मग घरी गेलो, आणि काम निघालं म्हणून सांगितलं.

"सहीचं पेन हातात घेऊन बसले होते मी," ठकी म्हणाली. "तो अधिकारी म्हणत होता, अजून किती थांबायचं? मी म्हटलं, बाबा येतीलच, ते कधी उशीर करत नाहीत. दोन गाड्यांची वाट बघितली आम्ही." "मला वाटलं, तुम्हाला हा पसंत नाही. सहा वर्षं मला तेच वाटतंय, बाबा."

"छे गं! मुलगा चांगला आहे. गाडी तेवढी बेशिस्त चालवतो."

ती हसली की रडली ते फोनवर कळेना. "तू वेडा आहेस का रे बाबा? हे मला सांगायला काय झालं होतं?" ती म्हणाली. मास्तरांना तो 'तू' ऐकू आला आणि ते मैदानाच्या जाळीला धरून उभे राहिले. मागे शिकाऊ मुलाने गाडी कुंपणाला लावली होती आणि तो हॉर्न वाजवून त्यांना बोलावत होता. वाजू दे, मास्तर मनात म्हणाले.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी दोघं निघाली. मास्तरांनी पोटभर नाश्ता केला, सहा वर्षांत प्रथमच प्रवासाच्या दिवशी. स्टिअरिंगवर मास्तर, शेजारी बायको, टपावर शिकाऊ गाडीची पाटी तशीच. पहिल्या चहाच्या दुकानाशी बायकोने खिडकीतून हाक मारली, "अहो भाऊ, आमच्या ह्यांना जायचंय. कुठे आहे?"

"अगं, हळू!" मास्तर कळवळले.

दुकानदाराने कप पुसता पुसता मानेने खूण केली. "मागे. कडी जरा वर उचलून लावा, तशी बसत नाही ती."

एवढंच. आभाळ कोसळलं नाही. बाकावरच्या एकानेही मान वर केली नाही.

डोंगराच्या मध्यावर एकदा कळ आली. दोन्हीकडे झाडी आणि दरी, घर ना दार. मास्तरांचे हात स्टिअरिंगवर आवळले. बायको म्हणाली, "थांबवा की गाडी. केवढं रान पडलंय. मी तिकडे तोंड करून उभी राहते." मास्तरांनी गाडी कडेला घेतली, उतरले, दगडावर बसून सावकाश श्वास घेत राहिले. थांबता येतंय एवढं कळल्यावर कळेचाच जोर ओसरला. ते उठले, पँट झटकली आणि पुन्हा गाडीत बसले. त्यानंतर दोन वळणं गेली आणि चढ संपलासुद्धा. खाली ठकीचं शहर दिसायला लागलं.

"एवढाच रस्ता होता?" मास्तर म्हणाले.

बायकोने तो रस्ता सहा वर्षं एकटीने केला होता.

ठकीच्या घराशी पोचल्यावर मात्र पोटाने हट्ट धरला. आनंद झाला तरी त्याला तेच सुचतं, त्याला काय करणार? जिना चढताना मास्तरांनी म्हणायचं वाक्य मनात घोकलं होतं. सहा वर्षांची चूक, माफी, सगळं त्यात बसवलं होतं. दार उघडलं. समोर ठकी उभी. जरा जाड झालेली, केसांत एखादा पांढरा, पिठाचा हात. मास्तरांनी तोंड उघडलं.

"ठके, आधी बाथरूम कुठे ते सांग."

"आत आल्या आल्या डावीकडे," ती म्हणाली आणि बाजूला झाली. "सावकाश, बाबा."

मास्तरांनी कडी लावली आणि बसले. बाहेर बायकोच्या बांगड्यांचा आवाज, जावयाचं "या, या आई", पिशव्या ठेवल्याची खसफस. खिडकीच्या कोनाड्यात एक छोटं प्लॅस्टिकचं बदक होतं आणि दारामागे हातभर उंचीवर कुणाचा तरी पिवळा टॉवेल. याच घरात नात चालायला शिकली असेल, बोलायला शिकली असेल. मास्तरांना गलबलून आलं.

"आई, आत कोण गेलं?" बाहेर एक बारीक आवाज.

"आजोबा."

"कुणाचे?"

"तुझे," ती म्हणाली.

"मग बाहेर का येत नाहीत?"

"येतील. त्यांना निवांत बसू दे."

पावलं दाराशी आली आणि थांबली. दाराखालच्या फटीत दोन छोट्या पायांची सावली पडली. मग सावली वाढली. दाराला हलकासा धक्का बसला, कुणीतरी पाठ टेकून खाली बसल्यासारखा.

"आजोबा," फटीतून आवाज आला, "मी इथे बसलीये. घाई नाही."